पोटाखालची पट्टी

मी एक जुना घरगुती संगणक आहे, आणि मित्रांनो, आज मला तुमच्यापाशी पोटभर तक्रार करायची आहे. म्हातारे आपली कहाणी सांगायला बसले की आधी कौतुकाचं सांगतात, मग दुःखाचं. मीही तसंच करीन. पण आत कुठंतरी मी सारखा धुसफुसतो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आपल्याला नेमकं काय टोचतं आहे हे ठाऊक असावं आणि ते सांगायला तोंड नसावं, यासारखी दुसरी शिक्षा नाही.

तुमच्या घरातल्या संगणकासारखा मी दिसत नाही. मी म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड. माझं डोकं, माझं पोट, सगळं त्या बटणांच्या खालीच. पडदा माझा स्वतःचा नाही, तो टीव्हीकडून उसना घ्यावा लागतो. उजव्या कुशीत फ्लॉपी सारायची फट आहे, पाठीमागे वायरींची भोकं आहेत आणि पोटाखाली एक चपटं झाकण आहे. ते झाकण नीट लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट तिथंच येऊन अडते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथं बायका रांगेनं बसून आम्हांला जोडत. माझ्या पोटाचं झाकण लावणाऱ्या बाईनं शेजारणीला विचारलं होतं, “अगं, हा आतला कप्पा तर रिकामाच आहे. यात काय बसवायचं?”

“काही नाही. पुढंमागं ज्याला हवं असेल तो बसवेल.”

पुढंमागं म्हणजे केव्हा, ते मला कुणी सांगितलं नाही. मी आपला रिकाम्या पोटी दुकानात गेलो आणि तिथून बाबांच्या घरी आलो.

बाबा म्हणजे माझे मालक. घरं बांधणाऱ्यांच्या कचेरीत ते आराखडे काढायचे. जिना काढण्यात त्यांचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. “चढणाऱ्याला आपण चढतोय हे कळताच कामा नये,” असं ते म्हणायचे. गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचं घर तळमजल्यावर. दोन खोल्या, खिडकीबाहेर सायकली लावायचा कठडा, आणि जिना नावालासुद्धा नाही.

मी आलो तेव्हा बाबांची मुलगी एवढीशी होती. बाबा तिला ‘बुटके’ म्हणायचे. टेबलावर बसलेला मी तिला दिसावा म्हणून ती टाचा उंच करून हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवायची. शेजारपाजारचे मला बघायला येत. मी पडद्यावर एक निळा गोल काढला तरी लोक “अरे वा!” म्हणत. मला त्या वेळी फार ताठा चढला होता, खोटं कशाला बोलू.

पण मी टेबलावर अगदी सपाट बसायचो. माझी बटणं दाबून बाबांची मनगटं भरून यायची. मग एका रविवारी त्यांनी लाकडाची एक पट्टी कापली, एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं निमुळती. बुटकीनं जिभेचं टोक बाहेर काढून ती पॉलिशपेपरानं घासली. मी सरकू नये म्हणून वर हिरवी बनात, ते जाड लोकरी कापड, चिकटवली. ती पट्टी माझ्या पोटाखाली आडवी सारली की माझी पाठ उचलली जायची आणि बटणं बाबांच्या बोटांकडे कलायची. बाबांनी हात ठेवून पाहिले आणि म्हणाले, “आता कसं!”

त्या दिवसापासून त्या घरात एक रीतच पडली. आधी पट्टी, मग मी, मग बटण. बुटकीच्या हाताला ती इतकी सवयीची झाली की ती पट्टी लावते आहे हे तिचं तिलाही कळत नसे.

आणि माझी त्या वेळी काहीच तक्रार नव्हती. पट्टी बरोबर झाकणाच्या खाली यायची. ते पातळ झाकण थोडं आत दबायचं. पण आत काही नव्हतंच. रिकाम्या पोटाला काय टोचणार?

त्या टेबलावर बाबांनी माझ्याकडून एक घर बांधून घेतलं. खऱ्या विटांचं नव्हे, रेघांचं. पडद्यावर एक दार दिसायचं. बाणाचं बटण दाबलं की एक पाऊल आत. मग ओसरी, मग स्वयंपाकघर, खुंटीवरची पिशवी, कोपऱ्यातला स्टूल, सगळं कसं मापात. आणि ओसरीच्या टोकाला जिना. वर बुटकीची खोली.

पण मित्रांनो, मी मुळातच सावकाश चालणारा. एक पाऊल पुढं म्हटलं की सगळ्या रेघा पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या, पुसायच्या, काढायच्या. बाबा बटण दाबून चहा ठेवायला जात आणि चहा घेऊन परत येईस्तोवर माझी निम्मी भिंत व्हायची बाकी असे. बुटकी तोवर पेंगायला लागलेली. त्यातून जिना म्हणजे नुसत्या रेघाच रेघा. वळणावर पोचलो की माझी स्मृती भरून जायची आणि मी जागच्या जागी थिजायचो. पुढं नाही, मागं नाही.

“बाबा, वरच्या खोलीत काय आहे?”

“वर गेल्यावर दिसेल.”

“हा तर वर जातच नाही! दुसरीकडून दाखवा ना.”

“घरात काय खिडकीतून शिरतात? जिन्यानंच जायचं.”

वरची खोली त्यांनी वेगळ्या फ्लॉपीवर, तुकड्यातुकड्यानं बांधली होती. बुटकी शाळेत गेली की ते तिथं काही काही जोडत बसत आणि स्वतःशीच हसत. मला ठाऊक होतं वर काय आहे ते. पण मी सांगणार कसा?

“याच्या पोटात वेगाचं कार्ड बसवलं की हा पळेल,” बाबा म्हणायचे. “मग तुला वर नेतो. कबूल.”

अ‍ॅक्सिलरेटर कार्ड म्हणतात त्याला. त्यावर दुसरा, माझ्याहून चलाख मेंदू असतो आणि जास्तीची स्मृतीही असते. माझ्या रिकाम्या कप्प्याची जागा त्याच्यासाठीच होती. पण ते कार्ड काही आलं नाही. आधी घरातली दुखणी आली, मग परीक्षा, मग नवे संगणक. मी टेबलावरून कपाटावर गेलो. माझ्यावर एक जुनी चादर आली, चादरीवर इस्त्री आली, इस्त्रीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा आला. मोठा मुलगा, म्हणजे बुटकीचा दादा, परदेशातून फोनवर विचारायचा, “बाबा, तो डबा टाकला की नाही अजून?” बाबा म्हणायचे, “टाकतो रे.” आणि टाकायचे नाहीत.

बुटकीचं लग्न झालं. तिला मुलगी झाली, तिला सगळे ‘छोटी’ म्हणतात. बुटकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथं लिफ्ट नाही. इतक्यात बाबांचे गुडघे गेले. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांसाठी जिने काढले, त्याला एक पायरी चढायची तर भिंत धरावी लागू लागली. लेकीकडे गेले तरी ते खाली अंगणातल्या बाकाशी उभे राहत. ती वरच्या खिडकीत येई. खिडकीची कड उंच, म्हणून छोटीला उचलून धरी. खालून बाबा हात हलवत, वरून छोटी. एवढीच भेट. मग बुटकी धापा टाकत डबा घेऊन खाली येई.

“माझ्याकडेच या ना राहायला,” ती म्हणायची.

“येतो की. फक्त एक क्रेन मागव.”

शेवटी दादानं ठरवलं. त्याच्याकडे लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे. तीन आठवड्यांनी, एका रविवारी, बाबांना तो कायमचं घेऊन जाणार होता. हे ठरलं त्याच दिवशी बुटकीनं कपाटावरून मला पट्टीसकट खाली उतरवलं. माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, “जायच्या आधी मला वर न्यायचं. कबूल केलंय तुम्ही.”

“आता राहू दे गं,” बाबा म्हणाले.

“राहू कसं दे? मला बघायचंय.”

तिनं कुठून कुठून विचारून ते कार्ड मिळवलं. मित्रांनो, इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते खोक्यातून निघालं तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल! छोटी बाबांच्या कॉटवर दुपारची झोपली होती. बुटकीनं मला उताणं केलं, झाकण काढलं, कार्डाचे दात माझ्या दातांशी नेमके जुळवले आणि दाबलं. टक्. झाकण लावलं. मला सुलटं केलं.

आणि तिच्या हातानं सवयीनं पट्टी उचलली.

अगं, नको! पण ओरडणार कुठून? पट्टी पोटाखाली गेली, झाकण आत दबलं. आता पोट रिकामं नव्हतं, कार्ड झाकणाला जवळजवळ टेकलेलंच होतं. झाकणानं त्याला एका बाजूनं वर ढकललं, आणि एका टोकाचे दात माझ्या दातांतून केसभर निसटले. तेवढं पुरे झालं. तिनं बटण दाबलं.

पडदा तांबडा.

मी ठीक असलो की पडदा पांढरा करतो. पोटात काही जुळलं नाही की तांबडा. एवढीच माझी भाषा. तुमचं पोट दुखलं तर तुम्ही बोट लावून दाखवता. मी फक्त तांबडा होऊ शकतो. ‘इथं दुखतं’ असा रंगच मला कुणी दिलेला नाही.

“कार्डच खराब दिसतंय,” बुटकीचा नवरा म्हणाला. तो बाबांसाठी बॅगा घेऊन आला होता.

“नवीन आहे रे.”

“नवीन म्हणजे काय, तेही जुनंच नवीन.”

मग सुरू झाला माझा छळ. रोज दुपारी छोटी झोपली की बुटकी यायची आणि माझ्याशी झुंजायची. माझे दात खोडरबरानं घासले. फुंकर मारली. रंगवायच्या ब्रशानं धूळ काढली. वीज देणारा ठोकळा बदलला. टीव्हीची वायर बदलली. फ्लॉपी बदलून पाहिल्या, जसं काही मी फ्लॉपीपर्यंत पोचत होतो! कार्ड काढून मला एकट्याला चालवलं की मी मुकाट चालायचो. पोटात काही नसलं तर पट्टीचा काय त्रास? मग ती आणखीच चिडायची, “बघ, हा ठीक आहे. कार्डातच खोट आहे.” कार्ड परत बसवायची. टक्. झाकण. पट्टी. तांबडा.

दर वेळी पट्टी! मी मनात म्हणायचो, आज तरी विसर. एकदा तरी विसर, माझे आई. पण माणूस बाकी सगळं विसरतं, हाताची सवय तेवढी विसरत नाही.

मग मला पिशवीत घालून ती दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेली. त्यांचं दुकान म्हणजे दोन कपाटांच्या मधली बोळ. टेबलावर काळा रबरी गालिचा, त्यावर त्यांनी मला अंग पसरून सपाट ठेवलं. आहा! कार्ड बसवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. पांढरा! लखलखीत पांढरा! आणि माझ्या आत काय वारा शिरला म्हणून सांगू. मी एका क्षणात गोल काढले, पुसले, पुन्हा काढले.

“हे बघा ताई, घोड्यासारखा पळतोय,” काका म्हणाले. “काहीही झालेलं नाही याला.”

ती हरखली. मला घरी आणलं. आधी पट्टी, मग मी, मग बटण. तांबडा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. पांढरा. पुन्हा घरी. तांबडा.

“ताई, तुमच्या घराचं याच्याशी काही वैर आहे का?” काका वैतागून म्हणाले. “माझ्याकडे आला की शहाण्यासारखा वागतो. तुमच्या घरच्या विजेतच काहीतरी गडबड असणार. नाहीतर असं करा, हा इथंच राहू द्या. तुम्ही इथं येऊन चालवत जा.”

“काका, बाबांना तुमच्या दुकानाची पायरी चढवत नाही हो.”

“मग माझ्याकडे उपाय नाही.”

पिशवीतून घरी येताना मी तिची झपाझप पावलं ऐकत होतो. घरात शिरल्यावर तिनं मला टेबलावर जरा जोरातच ठेवलं आणि म्हणाली, “मुद्दाम करतोयस तू. माझ्याशीच दावा धरलायस.”

मित्रांनो, माझ्यावर इस्त्री ठेवली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. त्या वाक्यानं वाटलं. मी तिच्या हनुवटीपासून तिला ओळखतो. मी मुद्दाम करीन?

जायच्या आदला शनिवार आला. घरभर बॅगा. बाबा खुर्चीत बसून हे घ्या, ते राहू द्या, असं सांगत होते आणि जावई भरत होता.

“करवत कशाला, बाबा?”

“दादाकडे नसली तर?”

“तिथं करवतीचं काय काम?”

“काम निघाल्यावर करवत शोधत बसायचं का? भरा गुमान. स्वेटरात गुंडाळा.” मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. ते उठले, भिंत धरत टेबलापाशी आले आणि माझ्या पोटाखालची पट्टी त्यांनी हळूच ओढून काढली. “हा काही यायचा नाही माझ्याबरोबर. ही पट्टी तेवढी नेतो. लावीन तिकडं कशाच्या तरी खाली.” पट्टी बॅगेत गेली. बाबा कॉटवर छोटीच्या शेजारी जाऊन आडवे झाले.

बुटकी टेबलाशी उभी होती. तिच्या अंगात आता भांडायचंही त्राण नव्हतं. नुसतं शेवटचं म्हणून तिनं बटण दाबलं.

पांढरा.

ती बघतच राहिली. मग धडपडत फ्लॉपी सारली. मी कधी नव्हे इतक्या वेगानं ती वाचली. पडद्यावर दार आलं.

“अरे! अरे, इकडे ये! चालू झाला!”

“काय केलंस?” नवऱ्यानं विचारलं.

“काही नाही! काहीच नाही केलं! आपोआप!” ती रडते आहे की हसते आहे हे तिला कळत नव्हतं. “थांब, बाबांना उठवू नकोस अजून. सगळं नीट मांडते आधी.”

आणि नीट मांडायचं म्हणून ती बॅगेकडे गेली.

मला दिसत होतं ती काय शोधते आहे ते. स्वेटर बाजूला झाला. चपला बाजूला झाल्या. हिरवी बनात वर आली. मी जमेल तेवढा पांढरा होतो, दार जमेल तेवढं ठळक काढलं होतं, पण ‘नको’ म्हणायला काहीच नव्हतं माझ्यापाशी. “पट्टीशिवाय त्यांची मनगटं दुखतात,” ती पुटपुटली, माझी पाठ एका हातानं उचलली आणि दुसऱ्या हातानं पट्टी सारली.

तांबडा.

मला वाटलं आता ही मला खिडकीबाहेर सायकलींवर फेकणार. फेकलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

पण ती हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी सावकाश तिनं पट्टी बाहेर ओढली. बटण बंद, बटण चालू. पांढरा. पट्टी आत. बंद, चालू. तांबडा. बाहेर. पांढरा.

हो! हो गं बाई! तेच! मी कितीतरी दिवस तेच ओरडतोय!

तिनं मला बंद केलं, उताणं केलं. माझ्या झाकणावर मधोमध हिरव्या बनातीची लव चिकटून चिकटून एक पट्टा उमटला होता. तिनं त्यावर अंगठ्यानं दाबलं. झाकण आत गेलं. आत कार्ड हललं.

“पट्टी,” ती नवऱ्याला हळूच म्हणाली. “पट्टी दाबतेय त्याला. दुकानात मी पट्टी नेतच नव्हते.”

“मग काढून टाक. सांगू नकोस बाबांना.”

“काय सांगायचं नाही बाबांना?” कॉटवरून आवाज आला.

बाबा उठून भिंत धरत आले. बुटकीनं माझं पोट दाखवलं. बाबांनी चष्मा लावला, झाकण दाबून पाहिलं, पट्टी हातात घेतली आणि हिरव्या बनातीवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे मीच आडवा आलो.”

“तुम्ही नाही हो, पट्टी.”

“पट्टी कुणी केली?”

“आपण दोघांनी,” बुटकी म्हणाली. “घासली मी होती.”

बाबांचा चेहरा पडला होता आणि त्या वेळी, खरं सांगतो, मला वाटलं की मी तांबडाच राहिलो असतो तर बरं झालं असतं. मग ते जावयाकडे वळले. “बघत काय राहिलात? करवत काढा.”

“बॅगेतली?”

“मग काय शेजाऱ्यांची? आणि मघाशी विचारत होतात कशाला लागते म्हणून!”

बाबांनी खुर्चीत बसून, पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरून ती मधोमध कापली. भुसा त्यांच्या मांडीवर पडत होता. करवतीच्या आवाजानं छोटी जागी झाली आणि डोळे चोळत येऊन उभी राहिली. बाबांनी एक तुकडा माझ्या डाव्या कोपऱ्याखाली ठेवला, दुसरा उजव्या. मध्ये माझं पोट मोकळं. पाठ तीच, उंची तीच, बटणांचा कलही तोच. त्यांनी मनगटं टेकवून पाहिली.

“आता कसं,” ते म्हणाले. यावेळी जरा हळू.

पांढरा. मग दार.

बाबांनी बाणाचं बटण दाबलं आणि मी पाऊल टाकलं. दुसरं दाबलं, दुसरं टाकलं. चहा नाही, पेंग नाही. ओसरी आली, स्वयंपाकघर आलं. बुटकीनं एकदम विचारलं, “बाबा, सगळं असं उंच का दिसतंय? दाराची कडी बघा ना, डोक्याच्या वर आहे. आणि स्टूल केवढा मोठा!”

“तुझ्या डोळ्यांनी बांधलंय,” बाबा म्हणाले. “तेव्हाच्या. भिंतीवर तुझी उंची मोजली होती, डोळ्यांपर्यंतची. तिथून जसं दिसेल तसं. मला काय करायचंय त्या घरात? घर तुझं होतं.”

छोटी पुढं सरकली आणि पडद्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे बरोबर त्या कडीच्या खाली आले.

जिना आला. मी चढू लागलो. वळण आलं, तेच वळण, जिथं मी नेहमी थिजायचो. मी वळलो. पायऱ्या सरत गेल्या आणि आपण चढतो आहोत हे कुणाला कळलंही नाही. बुटकीनं वरच्या खोलीची फ्लॉपी सारली आणि वरचं दार उघडलं.

खोलीत फारसं काही नव्हतं. एक पलंग, एक फळी, आणि एक खिडकी. खिडकी इतकी खाली की कुणी उचलून धरायची गरज नाही. बाहेर अंगण होतं. अंगणात मोजक्या रेघांचा एक माणूस मान वर करून उभा होता.

“आता ते लांबडं बटण दाब,” बाबा म्हणाले.

बुटकीच्या आधी छोटीनंच दाबलं. अंगणातल्या माणसानं हात वर केला आणि हलवला.

“आजोबा!” छोटी किंचाळली आणि पडद्याकडे बघून तिनंही हात हलवला, जसा ती एरवी तिसऱ्या मजल्यावरून हलवते तसाच.

“तू वर, मी खाली,” बाबा बुटकीला म्हणाले. “असं ठरवून काढलं होतं तेव्हा. सकाळी तुला हाक मारायला. गुडघे असे जातील म्हणून नव्हतं काढलं हं.” ते हसले. बुटकीनं त्यांच्या मांडीवरचा भुसा झटकायला घेतला आणि भुसा संपला तरी ती झटकतच राहिली.

रविवारी बाबा दादाकडे गेले. करवत बरोबर गेली. पट्टीचे दोन्ही तुकडे माझ्याकडे राहिले.

मी आता तिसऱ्या मजल्यावर असतो. मला वर आणताना बुटकी प्रत्येक वळणावर थांबली, पण थिजली नाही. घरकाम आटोपून तिला फुरसत मिळाली की ती छोटीला घेऊन माझ्यासमोर बसते. छोटी घरभर हिंडते, वर जाते, लांबडं बटण दाबते. माणूस हात हलवतो. ती हलवते. फोनवर खरे आजोबा विचारतात, “आज दिसलो का मी?” आणि ती म्हणते, “हो, पण तुम्ही काही बोललाच नाहीत.”

मित्रांनो, राग माझा अजून गेलेला नाही. इतक्या दुपारी वाया गेल्या. त्या दुपारी बाबा आणि बुटकी त्या घरात हिंडू शकले असते, आणि त्यांच्या वाट्याला आली एकच संध्याकाळ. दोष कुणाचा म्हणू? कार्ड चांगलं होतं, काका खोटं बोलत नव्हते, आणि पट्टी तर मायेनंच घासलेली होती. म्हणूनच तर तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

तेव्हा तुमच्या घरातलं एखादं जुनं यंत्र, म्हातारं कुत्रं किंवा गप्प बसणारं माणूस कारण नसताना तांबडं होऊ लागलं, तर ‘मुद्दाम करतोय’ असं लगेच म्हणू नका. आपण रोज त्याच्यासाठी जे प्रेमानं करतो, ते एकदा बाजूला काढून बघा. ते टाकून द्यायचं नाही, जागा तेवढी बदलायची.

आणि उचलून बघताना जरा हळू. आता माझं पोट रिकामं नाही.